फलक इथे, लढाई कुठे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

अमेरिकन यादवी युद्धाची (१८६१–१८६५) आठवण सांगणारे रस्त्याकडेचे धातूचे फलक, म्हणजे तिथे ज्यांना सरसकट 'मार्कर' म्हणतात ते, हा या वेळच्या सदराचा विषय. मोठ्या राष्ट्रीय रणक्षेत्रांबद्दलची पत्रे बाजूला ठेवून छोट्या गावांच्या वेशीवरच्या फलकांविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात घोडदळाच्या लढाईचा निळा फलक दिसला म्हणून गाडी थांबवली. आजूबाजूला पेट्रोल पंप, बँक आणि घरे. रणांगण कुठेच नाही. लढाई नेमकी कुठे झाली हे कसे शोधायचे?
— एक वाचक, फिलाडेल्फिया

एक शक्यता अशी की तुम्ही रणांगणातच उभे होता. ३० जून १८६३ रोजी हॅनोव्हर या गावात जेब स्टुअर्टचे कॉन्फेडरेट (म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचे) घोडदळ आणि जडसन किलपॅट्रिकचे युनियन (म्हणजे उत्तरेचे) घोडदळ भिडले ते गावाच्या रस्त्यांवर. तिथे मोकळे मैदान शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

पण बहुतेक गावांत फलक आणि लढाई यांच्यात अंतर असते, आणि त्याचे कारण इतिहासात नसून वाहतुकीत आहे. फलक सरकारी रस्त्याच्या हद्दीत लागतो. गाडी बाजूला घेण्याइतकी रुंद कड हवी, वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर तो चालत नाही, आणि शेतमालकाची संमती नसेल तर तो आत नेता येत नाही. म्हणून आधी मजकुरातले दिशा आणि अंतराचे शब्द वाचा. 'इथे', 'जवळच', 'आग्नेयेस एक मैलावर' हे तीन वेगवेगळे दावे आहेत. नुसते 'जवळच' लिहिले असेल तर मजकूर लिहिणाऱ्यालाही नेमकी जागा ठाऊक नसावी असे समजून चाला.

पुढचा शोध असा घ्यावा. युद्धातल्या दोन्ही सैन्यांचे अहवाल आणि पत्रव्यवहार अमेरिकन सरकारने १८८० ते १९०१ या काळात १२८ ग्रंथांत छापले. 'ऑफिशियल रेकॉर्ड्स'वरून अभ्यासक त्याला नुसते 'ओ.आर.' म्हणतात. हे सगळे ग्रंथ हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर फुकट वाचता येतात. संदर्भ देण्याची रीत मालिका, खंड, भाग, पान अशी. हॅनोव्हर गेटिसबर्ग मोहिमेत मोडते, म्हणून मालिका १, खंड २७. त्यातल्या पहिल्या भागात युनियनचे अहवाल, दुसऱ्यात कॉन्फेडरेटांचे आणि तिसऱ्यात पत्रव्यवहार. एकाच चकमकीचे दोन्ही बाजूंचे अहवाल शेजारी ठेवा आणि त्यांतली न हलणारी ठिकाणे वेगळी काढा : ओढा, पूल, टेकाड, चर्च, गिरणी, चौफुली, रेल्वेचा भराव. 'आम्ही शूरपणे पुढे सरसावलो' यातून नकाशा तयार होत नाही. 'गिरणीच्या वरच्या बाजूने ओढा ओलांडला' यातून होतो.

मग अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचा १:२४,००० प्रमाणाचा समोच्चरेषांचा नकाशा घ्या. त्यांचे जुने नकाशेही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात आणि खरे काम तेच करतात, कारण त्यांत बगलमार्ग आणि नव्या वसाहती नसतात. रस्ते सरकतात, टेकाडांच्या धारा सहसा सरकत नाहीत. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ खोऱ्यात मात्र रस्ताही मदतीला येतो : तिथला जुना 'व्हॅली पाइक' म्हणजे बराचसा आजचा यू.एस. ११ हा महामार्ग.

नॅशनल पार्क सर्व्हिसचा रणक्षेत्र-संरक्षण कार्यक्रम जमीन वाचायला पाच प्रश्न वापरतो : मोक्याची जागा कोणती, कुठून काय दिसत होते आणि कुठवर मारा होत होता, आडोसा कुठे होता, अडथळे कोणते, आणि येण्याजाण्याच्या वाटा कोणत्या. नकाशा हातात धरून हे पाच प्रश्न विचारले की अहवालांतली निम्मी कोडी सुटतात. त्यांच्या नकाशांवर दोन सीमा असतात. मोठी 'अभ्यासक्षेत्राची', जिच्यात सैन्याच्या हालचालीही येतात, आणि आतली 'गाभाक्षेत्राची', जिथे प्रत्यक्ष लढाई झाली. मोठी सीमा पाहून 'इथेच गोळीबार झाला' असे म्हणणे ही नेहमीची गफलत.

अहवालांतल्या वेळा जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. अमेरिकेत रेल्वेची प्रमाणवेळ १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आली. त्याआधी प्रत्येक गावाचे घड्याळ आपल्या सूर्याप्रमाणे चाले, आणि अधिकारी ज्या गावाहून निघाला तिथली वेळ खिशात घेऊन फिरे. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे खोटेपणा नव्हे. गाभाक्षेत्र बहुधा खासगी शेतात असते, तेव्हा कुंपण ओलांडण्याआधी मालकाला विचारा.

प्रश्न : फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडे आणि संस्थांची नावे असतात. त्यांचा काही उपयोग असतो का?
— एक वाचक, अटलांटा

तो तळच आधी वाचावा. फलक कोणी लावला आणि कधी लावला हे कळल्याशिवाय मजकुरावर किती विसंबायचे ते ठरत नाही.

तुमच्या जॉर्जियातच पाहा. तळाशी '०३३' ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो कॉब परगण्यातला फलक. परगणे वर्णानुक्रमे मोजले आहेत आणि पुढचा आकडा त्या परगण्यातल्या फलकाचा. सोबत 'जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशन' आणि १९५० च्या दशकातले साल असेल तर तो जुन्या सरकारी आयोगाचा. 'जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटी' असेल तर नंतरचा. राज्याचे हे काम १९९८ पासून त्या संस्थेकडे आहे. अटलांटा मोहिमेवरचे बरेच जुने मजकूर विल्बर कर्ट्झ या चित्रकार-अभ्यासकाने लिहिले. त्यांत कोणती डिव्हिजन कोणत्या रस्त्याने गेली हे ठासून भरलेले असते. नवख्याला ते कंटाळवाणे वाटते, पण नकाशा घेऊन वाचणाऱ्याला याहून उपयोगी फलक मिळणे कठीण.

व्हर्जिनियाचा कार्यक्रम १९२० च्या दशकात सुरू झाला आणि देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी आहे. तिथे इंग्रजी अक्षर आणि आकडा असा संकेत असतो, पार्श्वभूमी रुपेरी, अक्षरे काळी. तिथे हे काम वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या खात्यांकडे होते, त्यामुळे खात्याच्या नावावरूनही फलकाचे वय कळते. नॉर्थ कॅरोलायनाचा पहिला फलक जानेवारी १९३६ चा, आणि तिथले मजकूर चारपाच ओळींतच आटोपतात. पेनसिल्व्हेनियाचे सध्याचे निळे-सोनेरी फलक १९४६ पासूनचे. त्याआधीच्या कांस्याच्या पाट्या दगडांवर बसवलेल्या असत. इंडियानाचे गडद निळे फलक माथ्यावर राज्याचा आकार मिरवतात, ओहायोचे तपकिरी असतात.

खांबावर टेकवलेला, चित्रे आणि नकाशे असलेला तिरपा फलक दिसला तर तो या कुळातला नव्हे. १९९४ मध्ये व्हर्जिनियात सुरू झालेल्या 'सिव्हिल वॉर ट्रेल्स' या संस्थेचे असे फलक आता सहा राज्यांत आहेत, आणि तिथवर नेणाऱ्या पाट्यांवर लाल बिगूल असतो. ते छापील असल्याने बदलता येतात. ओतीव धातूचे तसे नाही.

आणखी एक : फलकाच्या मागे जाऊन बघा. पुष्कळ फलकांचा मजकूर दुसऱ्या बाजूला पुढे चालू असतो आणि निम्मे लोक तो न वाचताच जातात.

प्रश्न : कोरिडनच्या (इंडियाना) लढाईत किती माणसे मेली याचे आकडे फलकावर, पुस्तकात आणि माहितीपत्रकात वेगवेगळे आहेत. खरा कोणता?
— एक वाचक, लुइव्हिल

आधी प्रसंग थोडक्यात. कॉन्फेडरेट घोडदळाचा जनरल जॉन हंट मॉर्गन केंटकीतल्या ब्रँडनबर्गला दोन आगबोटी ताब्यात घेऊन ८ जुलै १८६३ रोजी ओहायो नदी ओलांडून इंडियानात उतरला. दुसऱ्या दिवशी कोरिडनच्या दक्षिणेला सुमारे मैलभरावर कर्नल लुइस जॉर्डनच्या हाताखालचे चारशे-साडेचारशे स्थानिक गृहरक्षक लाकडांचा आडोसा करून उभे राहिले. मॉर्गनकडे दोन हजारांच्या आसपास स्वार आणि तोफा. त्याने दोन्ही बगलांनी वळसा घातला, गृहरक्षक गावात हटले, तोफेचे गोळे गावावरून गेल्यावर जॉर्डनने शरणागती दिली. सगळे तासाभरात आटोपले.

गृहरक्षकांचे मृत कुठे तीन, कुठे चार. मॉर्गनचे कुठे आठ, कुठे अकरा. असे का होते?

पहिले कारण 'मृत' आणि 'हानी' यांची सरमिसळ. लष्करी हिशेबात हानी म्हणजे मृत, जखमी, बेपत्ता आणि कैदी मिळून. कोरिडनला साडेतीनशेच्या आसपास गृहरक्षक कैद झाले, आणि कैद म्हणजे पुन्हा शस्त्र न धरण्याच्या वचनावर सुटका. त्यामुळे 'युनियनची हानी ३६०' हे वाक्य हिशेबाने बरोबर असूनही वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रेतांचा खच उभा करते. आकडा वाचला की तो कशाचा, हे विचारायचे.

दुसरे, जखमी नंतर दगावतात. लढाईच्या संध्याकाळी लिहिलेल्या अहवालात तो जखमी असतो आणि महिन्याने काढलेल्या यादीत मृत. तिसरे, त्या दिवशी लढाईच्या फळीबाहेर मारल्या गेलेल्या नागरिकाला धरायचे की नाही. चौथे, हल्ला करून पुढे निघून जाणारे सैन्य आपले जखमी वाटेतल्या घरांत सोडून जाते, आणि त्याची मोजदाद दोन्ही बाजू वेगवेगळी करतात. मॉर्गनचे सैन्य तर पुढे दोन आठवडे धावतच होते. त्याने अखेर २६ जुलैला ओहायोत सालाइनव्हिलजवळ शस्त्रे खाली ठेवली.

'खरा कोणता' याला आमचे उत्तर : नावांची यादी देणारा स्रोत आकडा देणाऱ्या स्रोतापेक्षा वरचढ. नावे मिळाली की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या सेवानोंदी, थडग्यावरच्या तारखा आणि त्या आठवड्याचे वृत्तपत्र यांवर ती ताडून बघता येतात. सैनिकांच्या नावांची यादी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर शोधता येते. काँग्रेस ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात बरीच जुनी स्थानिक वृत्तपत्रे आहेत. गृहरक्षकांच्या बाबतीत एक सापळा सांभाळा. जॉर्डनची तुकडी 'इंडियाना लीजन'ची, म्हणजे राज्याच्या गृहरक्षक दलाची, सहावी रेजिमेंट होती. 'सहावी इंडियाना पायदळ' ही वेगळीच पलटण, आणि नावे शोधताना लोक नेमके तिच्या यादीत शिरतात.

प्रश्न : दोनशे माणसांच्या चकमकीलाही 'बॅटल' म्हणायचे का?
— एक वाचक, कॅन्सस सिटी

गाव म्हणणारच. पण मोजमाप आहे. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या यादवी युद्ध स्थळ सल्लागार आयोगाने १९९३ च्या अहवालात सांगितले की सुमारे १०,५०० सशस्त्र संघर्षांतून ३८४ प्रमुख लढाया निघतात. त्यांचेही युद्धाच्या निकालावरील परिणामानुसार चार वर्ग केले : 'अ' मध्ये ४५, 'ब' मध्ये १०४, 'क' मध्ये १२८, 'ड' मध्ये १०७. वर्ग ठरतो तो परिणामावर. आख्ख्या इंडियाना राज्यातून कोरिडन ही एकच लढाई या यादीत आली आणि ओहायोतून बफिंग्टन आयलंड व सालाइनव्हिल या दोन. यादीबाहेरच्या दहा हजारांना अहवालांत 'अॅक्शन', 'स्कर्मिश', 'अफेअर' अशी नावे दिसतात, पण ती लिहिणाऱ्याच्या मर्जीवर बरीच अवलंबून असत. तुमच्या दोनशे माणसांसाठी 'चकमक' हा शब्द पुरेसा आहे, आणि फलकाचे अर्ज तपासणाऱ्या समितीसमोर तोच टिकतो.

एकाच लढाईची दोन नावे दिसली तर दचकू नका. उत्तरेकडचे बहुधा ओढ्यानदीचे नाव देत, दक्षिणेकडचे जवळच्या गावाचे : बुल रन आणि मॅनासस, अँटीटम आणि शार्प्सबर्ग. नियम पक्का नाही. पी रिज आणि एल्कहॉर्न टॅव्हर्न यांत ना नदी ना गाव.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या चकमकीला फलक नाही. आम्ही काही रहिवासी पुढाकार घ्यायला तयार आहोत. सुरुवात कुठून करायची, किती वेळ लागतो, कुठे अडते?
— वाचक मंडळ, टेक्सस

अडते ते पुराव्यावर, पैशावर त्यामानाने कमी. म्हणून वर्गणी गोळा करण्याआधी पुराव्याची फाइल करा.

टेक्ससमध्ये अर्ज थेट राजधानी ऑस्टिनला जात नाही; आधी तुमच्या परगण्याच्या ऐतिहासिक आयोगाकडे जातो, तिथून टेक्सस हिस्टॉरिकल कमिशनकडे. अर्जाचे शुल्क १०० डॉलर, आणि फलक मंजूर झाला तर त्याची किंमत वेगळी. अर्ज वर्षाच्या ठरावीक मुदतीतच घेतात, तेव्हा मुदत हुकली की वर्ष गेले. घटना किमान ३० वर्षे जुनी हवी ही अट तुम्हाला अडणार नाही, १८६० चे दशक त्यात आरामात बसते. अर्जासोबत तळटीपांसह लिहिलेले टिपण लागते.

टिपणात तीन गोष्टी वेगळ्या ठेवा : त्या काळातला लेखी पुरावा, नंतरच्या आठवणी, आणि गावातली सांगोवांगी. समितीला पहिल्याने पटते, दुसऱ्याचा टेकू चालतो, तिसरीवर अर्ज पडतो. 'चर्चच्या खांबातले भोक तोफगोळ्याचे आहे' असे सगळे गाव सांगत असले तरी चर्च १८७० मध्ये बांधलेले निघू शकते. बांधकामाचे साल परगण्याच्या दस्तांत बघून घ्या.

मजकूर साधारण १०० शब्दांत बसवायचा असतो. राज्याराज्यांत थोडा फरक आहे, पण धातूवर याहून जास्त मावत नाही, आणि अक्षर लहान केले तर गाडीतून वाचता येत नाही. या शंभर शब्दांत तारीख, दोन्ही बाजूंच्या तुकड्या आणि प्रमुख, नेमकी जागा, काय घडले आणि त्याने काय फरक पडला एवढे यायला हवे. विशेषणे पहिली उडवा. 'निर्दयी टोळीने शांत गावावर झडप घातली' याऐवजी 'सुमारे दोन हजार स्वारांनी ९ जुलैला दक्षिणेकडून हल्ला केला'. 'पहिली', 'एकमेव', 'शेवटची' हे शब्द तर दाराबाहेरच ठेवा. टेक्ससातच पाहा : १२ आणि १३ मे १८६५ ची पाल्मिटो रँचची लढाई युद्धातली शेवटची म्हणून ओळखली जाते, पण 'शेवटची' कशाला म्हणायचे यावर अभ्यासक आजही भांडतात. फलकावर नुसती तारीख दिली तर वाचणारा आपला निष्कर्ष काढतो आणि फलक कधी खोटा पडत नाही.

हुद्द्यांतही चुका होतात. युद्धात 'ब्रेव्हेट' म्हणजे मानद हुद्दे खिरापतीसारखे वाटले गेले, पुष्कळसे युद्ध संपताना. चकमकीच्या दिवशी कर्नल असलेल्या माणसाला फलकावर जनरल करून ठेवू नका. त्या दिवशीचा हुद्दा लिहायचा.

मंजुरीनंतर ओतकाम. राज्यांचे बरेच फलक ओहायोतल्या मारिएटाच्या सेवा स्टुडिओज या १९२७ पासूनच्या कारखान्यात ओतले जातात. एकेक उठावाचे अक्षर पाटावर मांडून नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात, वितळलेले अॅल्युमिनियम ओततात. थंड झाल्यावर वाळूच्या माऱ्याने साफ करून पावडर कोटिंग होते आणि शेवटी अक्षरांच्या माथ्यांवर रोलरने रंग फिरवतात. म्हणजे स्वल्पविरामसुद्धा धातूचा असतो. ओतल्यावर सापडलेली चूक दुरुस्त करायची तर नवा फलक. अंतिम मजकूर तिघांनी वेगवेगळा, मोठ्याने आणि शेवटून सुरुवातीकडे वाचावा. तारीख-वार जुळतो का हे पंचांगावर नव्हे, १८६० च्या दशकाच्या कॅलेंडरवर पाहावे. पुरावा, समिती, मजकुराच्या फेऱ्या, रस्ते खात्याची परवानगी आणि ओतकाम धरून वर्ष-दीड वर्ष सहज जाते. उद्घाटनाची तारीख फलक हातात येईपर्यंत जाहीर करू नका.

खांब रोवण्याआधी ८११ वर फोन करा. ही देशभरची मोफत सोय आहे. गॅस, वीज, पाण्याच्या नळांच्या जागा येऊन आखून देतात. खड्डा दोन ते तीन फूट, आणि थंड प्रदेशात जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली, नाहीतर हिवाळ्यात खांब वर उचलला जातो. अॅल्युमिनियमचा खांब ओल्या काँक्रीटमध्ये तसाच उभा करू नये. काँक्रीटमधला क्षार धातू खातो. पुरला जाणारा भाग डांबरी रंगाने रंगवा आणि काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा म्हणजे पाणी खांबाशी साचत नाही. बोल्ट स्टेनलेसचे असले तरी मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम झिजते.

प्रश्न : गावाच्या फलकावरचा रंग उडाला आहे, शेवाळ धरले आहे. आम्ही शनिवारी जाऊन रंगवला तर चालेल का?
— एक वाचक, रिचमंड

राज्याचा फलक असेल तर नाही. ती सरकारी मालमत्ता आहे. फलकाचा संकेतांक, रस्त्याचा क्रमांक, फोटो आणि काय बिघडले हे राज्याच्या ऐतिहासिक खात्याला कळवा. व्हर्जिनियात मजकुराचे काम ऐतिहासिक संसाधन खात्याकडे आहे. मोडलेला खांब किंवा रस्त्यात आलेला फलक दिसला तर वाहतूक खात्यालाही सांगावे. फलक गायबच झाला असेल तर 'चोरी' लिहिण्याआधी विचारा : रस्ता रुंदीकरणासाठी तो काढून गोदामात ठेवलेला असतो.

फलक परगण्याचा किंवा स्थानिक संस्थेचा असेल आणि लेखी परवानगी असेल, तर पुढे वाचा.

धुणे : भरपूर साधे पाणी, उदासीन साबण, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश. खालून वर धुवा म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत. शेवाळ भिजू द्यावे आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावे. ब्लीच वापरू नका, त्यातल्या क्लोराइडने अॅल्युमिनियमला खड्डे पडतात. तारेचा ब्रश आणि स्टीलवूलही नको. लोखंडाचे कण अडकून राहतात आणि महिन्याभरात फलकावर गंजाचे ठिपके येतात. दाबाच्या फवाऱ्याने रंगाच्या फुटलेल्या कडेखाली पाणी शिरते आणि पुढच्या थंडीत तो पापुद्र्यांनी सुटतो. पुष्कळदा नुसत्या धुण्यानेच फलक वाचण्याजोगा होतो आणि रंगाची गरज उरत नाही.

रंगवायचेच तर सुटलेला रंग काढून २२० नंबरच्या कागदाने हलके घासा. उघड्या पडलेल्या धातूवर एचिंग प्रायमर हवाच, कारण अॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि साधा रंग त्याला धरत नाही. पार्श्वभूमीचे दोन पातळ हात, पूर्ण वाळू द्या. मग अक्षरे : छोटा फोमचा रोलर, त्यावरचा बराचसा रंग आधी पुठ्ठ्यावर काढून टाकलेला, आणि जवळजवळ कोरडा रोलर अक्षरांच्या माथ्यांवरून वजन न देता फिरवायचा. रंग जास्त झाला की 'ई' आणि 'ए' यांची पोटे भरतात आणि मग ती टाचणीने कोरत बसावे लागते. ऊन तापलेल्या धातूवर रंग लावू नका, तो वाळण्याआधीच दोरे ओढतो. कांस्याची पाटी असेल तर यातले काहीच करू नका. तिला मेण लागते आणि ते काम जाणकाराचे.

खांबाच्या बुडाशी दिसणारे ओरखडे बहुतेक गवत कापायच्या यंत्राचे असतात. बुंध्याभोवती फूटभर खडी पसरली की तो प्रश्न मिटतो.

प्रश्न : दक्षिणेतल्या काही फलकांवर गुलामगिरीचा उल्लेखच नसतो. अशा मजकुराचे काय करायचे?
— एक वाचक, बर्मिंगहॅम

फलक जितका १८६० चे दशक सांगतो तितकाच तो लावला ते दशकही सांगतो. १९२० ते १९६० या काळातले बरेच मजकूर एका बाजूच्या वारसांनी लिहिले किंवा लिहवून घेतले. युद्धाला 'राज्याराज्यांमधले युद्ध' म्हणणे ही त्याची ओळखीची खूण. कृष्णवर्णीय सैनिक असल्या मजकुरांत शोधून सापडत नाहीत. पण हनी स्प्रिंग्जला (आजचे ओक्लाहोमा) १७ जुलै १८६३ रोजी युनियनच्या फळीच्या मध्यभागी 'फर्स्ट कॅन्सस कलर्ड' ही पलटण लढली होती.

फलक बदलतात. लुइझियानातल्या कोलफॅक्सला १८७३ मध्ये झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाला 'दंगल' म्हणणारा आणि त्याचे कौतुक करणारा राज्याचा फलक सुमारे सत्तर वर्षे उभा होता. तो मे २०२१ मध्ये काढला. ती घटना युद्धानंतरची, पण रस्ता तोच : मजकुरातली चूक नेमकी दाखवा, त्या काळातला पुरावा जोडा, पर्यायी शब्दरचना सुचवा आणि संबंधित खात्याला लेखी पाठवा. 'हा फलक आक्षेपार्ह आहे' एवढ्या एका ओळीवर पोच येते, काम होत नाही. नवा मजकूर लागला तरी जुन्याचा फोटो आणि साल नोंदवून ठेवा. पुढच्या अभ्यासकाला दोन्ही लागतात.

प्रश्न : फलकाजवळ मेटल डिटेक्टर चालवता येतो का?
— एक वाचक, नॅशव्हिल

राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीवर बंदी आहे आणि तिथे तो गाडीबाहेर काढणेही महागात पडते. संघराज्याच्या जमिनीवरून पुरातन वस्तू उचलणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. रस्त्याची कड राज्याची, तिथे राज्याचे नियम. खासगी शेतात मालकाची लेखी परवानगी असेल तर सहसा हरकत नसते, पण प्रत्येक गोळीची जागा जी.पी.एस.वर नोंदवा आणि नकाशा मालकाकडे ठेवा. कुठल्या जागी गोळ्या झाडलेल्या निघतात आणि कुठे न झाडता पडलेल्या, यावरून फळी कुठे उभी होती ते ठरते. पिशवीत भरलेल्या गोळ्यांवरून काहीच ठरत नाही.

तोफगोळा निघाला तर हात लावू नका, पाणी ओतू नका, घरी तर मुळीच नेऊ नका. पोकळ गोळ्यातली काळी दारू दीडशे वर्षांनीही जिवंत असू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियात असा गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. दूर व्हा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकाला कळवा.

प्रश्न : फोटोत फलकाची अक्षरे वाचता येत नाहीत. उपाय?
— एक वाचक, शिकागो

फ्लॅश बंद ठेवा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन बाजूने तिरपे पडत असताना काढा. उठावाच्या अक्षरांना सावली मिळते आणि रंग उडालेला मजकूरही वाचता येतो. एक फोटो समोरून, एक मागच्या बाजूचा, एक तळाच्या ओळीचा जवळून, आणि एक पन्नास पावले मागे जाऊन रस्ता व टेकाडासह. गाडी मात्र रस्त्याच्या कडेबाहेर पूर्ण घेऊनच उतरा.